विनंती थांबा

संपादकांचे पत्र दर वर्षी ठरल्या वेळी येते. हल्ली ते मोबाइलवर येते, पण भाषा जुनीच असते: दिवाळी अंकासाठी आपले सदर नेहमीपेक्षा थोडे लांब आणि सणाला शोभेल असे प्रसन्न हवे. गेल्या वर्षी ते पत्र मी आमच्या अंगणात उभा राहून वाचत होतो. उन्हामुळे अक्षरे दिसेनात म्हणून दोन पावले मागे सरलो आणि डावा पाय कशावर तरी मऊ पडला. कशावर पडला, ते खाली न पाहताही कळले. प्रसन्नता तिथेच संपली. सदराचा विषय मात्र न शोधता पायाशी आला.

तो विषय मी तेव्हा लिहिला नाही. आकाशकंदिलावर चार पाने लिहून वेळ मारून नेली. कारण प्रकरण निकाली निघायचे होते, आणि निकाल माझ्याच बाजूने लागणार याची मला खात्री होती. आता वर्ष उलटले आहे. निकाल लागला आहे. तेव्हा सांगायला हरकत नाही.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या एका गल्लीत आमचे घर आहे. घर वडिलांनी बांधलेले, लहानसे. पण पुढे पंधरा फूट लांब आणि जवळजवळ तेवढेच रुंद अंगण आहे. गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी आपापली अंगणे फरशीने नाहीतर सिमेंटच्या ठोकळ्यांनी झाकून टाकली. आमचे तेवढे मातीचे राहिले. त्याचे कारण आमची आई. "मी आहे तोवर माती राहू दे," असे तिने मला बजावून ठेवले आहे. "फरशीवर कुणी सडा घालतं का? फरशी पुसतात." पंचाहत्तरी ओलांडलेली ही बाई अजून पहाटे उठते, सडा घालते आणि वाकून ठिपक्यांची रांगोळी काढते. अंगणात एक तुळशीवृंदावन, एक पारिजातक आणि दिवाळीच्या आधी महिनाभर कोपऱ्यात मातीचा एक ढीग, एवढी आमची स्थावर मालमत्ता. तो ढीग आमच्या चिमीच्या किल्ल्यासाठी. चिमी तेव्हा चौथीत होती आणि चौथीतल्या मुलांना शिवाजी महाराजांपलीकडे दुसरे जग नसते.

आमच्या उजव्या हाताला नाना राहतात. नाना एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, तरी त्यांच्या बोलण्यातला ध्वनिक्षेपक अजून बंद झालेला नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, हे ते आपल्या घरातल्या एखाद्या लग्नाची तारीख सांगावी तसे सांगतात. (त्या अहमदनगरचे आता अहिल्यानगर झाले आहे, नाना दोन्ही नावे घेतात, म्हणजे प्रवाशांचा घोटाळा होत नाही.) पत्नी गेल्यापासून ते एकटे आहेत. मुलगा पुण्याला. सोबतीला दोन कुत्री. त्यांतला एक सडपातळ, तांबूस, सदा घाईत. दुसरा पांढरा-करडा, अंगाने भरलेला, कुठेही बसला की पसरणारा. नानांनी त्यांची नावे ठेवली आहेत 'जलद' आणि 'निमआराम'. ज्यांनी एस.टी.ने प्रवास केला आहे त्यांना ही नावे किती नेमकी आहेत हे सांगायला नको. गल्लीतली मुले मात्र दुसऱ्याला निम्या म्हणतात.

गेल्या वर्षीच्या श्रावणापासून ही दोन्ही वाहने आमच्या अंगणात थांबू लागली. पहाटे बरोबर पाच चाळीसला नानांच्या फाटकाची कडी वाजे. दोन मिनिटांत जलद आणि निमआराम आमच्या कुंपणातल्या फटीतून आत येत, आपापली जागा हुंगून ठरवत, काम उरकत आणि मागच्या पायांनी दोन-चार फराटे माती उडवून परत जात. रविवार नाही, सणवार नाही. एस.टी.च्या भाषेत सांगायचे तर आमचे अंगण हा त्यांचा विनंती थांबा झाला होता. फरक इतकाच, की विनंती कुणीच केली नव्हती. आई सडा घालण्याआधी सुपलीने सगळे उचलून टाकी. कधी एखादे नजरेतून सुटे, आणि मग ते माझ्या पायाला सापडे.

तुम्ही म्हणाल, नानांना सांगायचे नाही का? सांगितले की! एकदा कंपाउंडच्या भिंतीवरून मी म्हणालो, "नाना, हल्ली अंगणात फार घाण होते हो." नाना म्हणाले, "पाऊस फार झाला यंदा." मी म्हणालो, "हो, तेही आहेच." आणि दोघेही आपापल्या घरात गेलो. मी गेली वीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवतो. वाक्यात कर्ता कुठे आहे ते आधी शोधा, असे दर वर्षी सांगतो. माझ्या त्या वाक्यात कर्ताच नव्हता, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही. आपण सांगितले आणि त्यांनी कानाआड केले, अशी मी मनाशी नोंद केली आणि उपायांना लागलो.

पहिला उपाय बाटल्यांचा. आमच्याकडे गावोगाव दारासमोर लाल नाहीतर निळ्या पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात. त्या पाहून कुत्री फिरकत नाहीत, अशी समजूत आहे. आमच्या सौ.ने कुंकवाच्या पाण्याच्या चार बाटल्या चार कोपऱ्यांत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी जलदने चारही बाटल्यांवर एकेक तंगडी वर करून त्यांची रीतसर नोंद घेतली. महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना हे सांगितले, तेव्हा ते पोट धरून हसले. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, कुत्र्याच्या डोळ्यात दोनच. निळे आणि पिवळे त्याला कळते. लाल त्याला मळकट, काळपट दिसते. म्हणजे कुंकवाच्या बाटलीचा धाक माणसालाच. "मग निळीचं पाणी भरू का?" मी विचारले. ते म्हणाले, "भरा. त्याला ते छान दिसेल."

दुसरा उपाय तिखटाचा. कुंपणाच्या फटीशी लाल तिखट टाकले. त्या दिवशी वारा डोंगराकडून घराकडे होता. कुत्री दुसऱ्या फटीतून आली, आई, सौ. आणि चिमी दुपारपर्यंत शिंकत होत्या. शिवाय मुक्या जनावराच्या नाकाडोळ्यांत तिखट घालतोस, म्हणून आईने मला जे ऐकवले, त्याचा झोंबरेपणा तिखटाहून जास्त होता.

तिसरा उपाय फिनेलचा. त्याने आमच्या घराला दवाखान्याचा वास येऊ लागला, एवढेच. प्राणिशास्त्रवाल्यांनी पुन्हा समजावले. कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण. आपल्याला फिनेलचा वास येतो, त्याला फिनेलच्या खाली कालचा आपला वासही येतो. आणि जिथे आपला वास, तिथे आपली जागा, हा त्याचा सातबारा. मग त्यांनी हसणे थांबवले आणि विचारले, "तुमची मुलगी त्याच मातीत खेळते का?"

मी म्हणालो, "खेळते काय! किल्ला करणार आहे."

तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहितो, कारण ते प्रत्येक आईबापाला ठाऊक असावे. ज्या कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचे औषध दिलेले नसते, त्याच्या विष्ठेतून गोलकृमींची अंडी मातीत पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. ताजी असताना ती बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे पिकली की बाधतात, आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे तशीच राहतात. मुलाने त्या मातीतला हात न धुता तोंडात घातला की ती पोटात जातात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या शरीरात भटकतात. बहुतेकांना काही होत नाही. पण क्वचित एखादी अळी डोळ्यापर्यंत पोहोचते आणि नजरेवर बेतते. म्हणून घाण त्याच दिवशी उचलावी, मुलांचे हात साबणाने धुवावेत आणि कुत्र्याला औषध द्यावे.

इतके दिवस माझा राग रांगोळीसाठी आणि चपलेसाठी होता. त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा चिमी मातीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. मी तिच्यावर असा काही ओरडलो की ती रडत आत पळाली. काय चुकले ते तिला कळले नाही, आणि मलाही ते नीट सांगता आले नाही.

मग मी अर्ज लिहायला घेतला. अर्ज लिहिताना मराठी भाषेची एक अडचण प्रथमच ध्यानात आली. या पदार्थाला आपल्याकडे शब्द पुष्कळ. पण अर्जात शोभेल आणि अर्जदाराचा संतापही दाखवील असा एक नाही. 'विष्ठा' म्हटले की आयुर्वेद होतो, 'मल' म्हटले की अध्यात्म आणि 'शी' म्हटले की अंगणवाडी. शेवटी 'घाण केली जाते' असे लिहिले. चार पानी अर्ज झाला. तो घेऊन शाळेपासूनच्या एका वकील मित्राकडे गेलो.

त्याने तो उभ्या उभ्या वाचला. म्हणाला, "भाषा उत्तम आहे. कुत्री पाळलेली की मोकाट?"

"पाळलेली. पण मोकाट सोडलेली."

"मग मोकाट कुत्र्यांचे नियम इथं लागू नाहीत. ते २००१ साली झाले, २०२३ साली नवे आले. त्यांतही कुत्रं पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच आणून सोडायचं, हाच मुख्य भाग. म्हणजे तुझ्याच दारात. राहिलं पाळीव जनावराबद्दलच्या निष्काळजीपणाचं कलम. पूर्वी दंडविधानात २८९ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत २९१ आहे. सहा महिने कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही." माझा चेहरा उजळलेला पाहून तो थांबला. "पण त्या कलमाला माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा धोका लागतो. तुझ्या रांगोळीला असून भागत नाही. दिवाणी दावा लावता येईल. तू निवृत्त होशील तेव्हा पहिली तारीख पडेल."

अर्ज खिशात घालून मी परत आलो. दिवाळीला दहा दिवस राहिले होते.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला बरे वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मी पाच वाजताच उठलो आणि हातात अर्ध्या विटेचा तुकडा घेऊन तुळशीवृंदावनाआड बसलो. मराठीचा प्राध्यापक, अंगावर शाल, हातात वीट! पाच चाळीसला कडी वाजली. अंधार होता. थोड्या वेळाने चिमीच्या मातीच्या ढिगात काहीतरी पांढरट हलताना दिसले. मी नेम धरून वीट फेकली. शाळेत असताना मी फेकलेला चेंडू यष्टीला कधी लागला नव्हता. त्या पहाटे मात्र नेम बरोबर बसला.

जो आवाज आला तो मी विसरलेलो नाही. विजेरी लावून पाहिले तो निमआराम. मागचा उजवा पाय वर धरून उभा. ढीग स्वच्छ होता. त्याने तिथे काहीही केले नव्हते. भुसभुशीत माती उबदार लागली म्हणून तो वेटोळे करून तिच्यात पडला होता, इतकेच. जलद पारिजातकाखाली आपले काम उरकून माझ्याकडे पाहत होता. निमआराम माझ्यावर भुंकला नाही. तीन पायांवर उड्या मारत फटीतून निघून गेला.

महाभारताच्या आदिपर्वात, अगदी सुरुवातीलाच, एक गोष्ट आहे. जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्रावर यज्ञ करत होता. सरमा नावाच्या कुत्रीचे पिल्लू तिथे आले, तेव्हा त्या भावांनी त्याला मारून हाकलले. ते रडत आईकडे गेले. तिने विचारले, तू काही अपराध केलास का? ते म्हणाले, हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरमेने यज्ञात येऊन विचारले, याला का मारले? कुणी उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला, की न दिसणारे भय तुमच्यावर येईल. महाभारताच्या शेवटी धर्मराजाबरोबर चालणारा कुत्रा सर्वांना ठाऊक असतो. आरंभीचा हा मार खाल्लेला कुत्रा फारसा कुणाला ठाऊक नसतो. मी तो दर वर्षी वर्गात सांगतो आणि 'कुणी उत्तर दिले नाही' या ठिकाणी क्षणभर थांबतो. त्या दिवशी दुसऱ्या तासाला हीच गोष्ट सांगायची होती. मी मुलांना वाचनालयात पाठवून दिले.

पुढचे चार दिवस कुत्री आली नाहीत. अंगण निर्मळ. आईची रांगोळी दुपारपर्यंत जशीच्या तशी. मला आनंद व्हायला हवा होता. पण पहाटे पाच चाळीसला मला आपोआप जाग येई आणि कडी वाजायची वाट पाहत मी पडून राही.

पाचव्या दिवशी आई चकल्या पाडत होती. मान वर न करता म्हणाली, "नानांना बोललास का काही?"

"नाही. का?"

"त्यांच्या दाराची कडी वाजत नाही चार दिवस."

"तू का नाही बोललीस इतके दिवस?"

"मी मेली कशी बोलू? पाय दुखावून बसलेल्या माणसाला म्हणू, तुमची कुत्री आवरा? तुला बोलायची सवय. म्हटलं तू रीतीनं बोलशील."

"पाय कधी दुखावला त्यांचा?"

आईने सोऱ्या खाली ठेवला. "श्रावणात. जिन्यावरून घसरले. मी तुला सांगितलं होतं. तू पेपर तपासत होतास. 'हं' म्हणालास."

मी डब्यात चकल्या भरल्या आणि निघालो. मधे एक भिंत. तिच्या पलीकडे जायला मला अडीच महिने लागले होते.

नाना खुर्चीत होते. उजवा पाय स्टुलावर, गुडघ्याला पट्टा. भिंतीवर एस.टी.चे जुने वेळापत्रक, शेजारी पत्नीची तसबीर. खाटेखाली निमआराम. मला पाहून तो आणखी आत सरकला.

"या मास्तर. उठत नाही, माफ करा."

मी बसलो. पाऊस, दिवाळीची गर्दी, चकलीची भाजणी झाली. मग नाना स्वतःच म्हणाले, "यंदा माझ्याच्यानं यांना फिरवणं होत नाही. पहाटे उठून कसंबसं फाटक उघडतो. जातात बिचारी आपली आपण मागच्या माळावर. पंधरा मिनिटांत परत. एक मिनिट इकडं तिकडं नाही."

मी म्हणालो, "नाना, माळाला पत्रे ठोकलेत. श्रावणातच. तिथं इमारत होतेय."

नाना माझ्याकडे पाहत राहिले. अडीच महिने ते फाटकापलीकडे गेले नव्हते. "मग ही जातात कुठं?"

"आमच्या अंगणात. जलद आणि निमआराम रोज आमच्या अंगणात घाण करतात." या वेळी वाक्यात कर्ता होता.

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

"आणि तुम्ही आज सांगताय?"

मी काहीच बोललो नाही. नाना गुडघ्यावरचा पट्टा नीट करत म्हणाले, "मास्तर, पस्तीस वर्षं आगारात काढली. तक्रार-वही प्रत्येक आगारात असते. पण ती मागितल्यावर मिळते. तुम्ही मागितलीच नाही."

मग मी विटेचेही सांगितले. ते सांगायला अर्ज लिहिण्याहून अधिक कष्ट पडले आणि वाक्ये फार साधी झाली. नाना बराच वेळ बोलले नाहीत. "मला वाटलं, गाडीची ठोकर बसली," एवढेच म्हणाले. मग डब्यातली चकली मोडून अर्धी माझ्या हातात दिली. "तुम्ही द्या."

मी खाटेखाली हात धरला. निमआरामने तो लांबूनच हुंगला. पुन्हा हुंगला. पुष्कळ वेळाने पुढे येऊन अर्धी चकली घेतली. नानांनी माझ्याशी पूर्वीसारखे बोलायला आणखी दोन दिवस घेतले, आणि ते बरोबरच होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले. एका जुन्या फॉर्मच्या मागच्या बाजूला वेळापत्रक तयार होते. पहिली फेरी पाच चाळीस, चालक मी, मार्ग चार भिंतींच्या चढापर्यंत आणि परत, दोन्ही गाड्या दोरीसह. सोबत रद्दी कागद आणि पत्र्याची सुपली. वाटेत जे पडेल ते उचलून आणायचे. जंताचे औषध दर तीन महिन्यांनी आणि रेबीजची लस वर्षातून एकदा, खर्च नानांचा. "कुणाच्या दारात थांबा घ्यायचा नाही," त्यांनी बजावले.

प्राणिशास्त्रवाल्यांनी त्यात एक भर घातली, आणि तिने सगळे कोडे उलगडले. कुत्र्याला लहानपणी ज्या जमिनीची सवय लागते, तशीच जमीन तो पुढे शोधतो. नानांच्या कुत्र्यांना माळाच्या मातीची सवय. माळ गेला. गल्लीत सगळीकडे सिमेंटचे ठोकळे. माती उरली होती ती फक्त आमच्या अंगणात. ज्या मातीसाठी आई माझ्याशी भांडली, तीच शोधत ती दोघे येत होती. तेव्हा नानांच्या परसातले काही ठोकळे उखडून चार फूट लांब, चार फूट रुंद जागा केली, तीत माती आणि वाळू भरली. त्यांचीच थोडी घाण आधी तिथे नेऊन टाकली, म्हणजे वासाने जागा कळावी. तिथे काम झाले की लगेच शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. जलद आठ दिवसांत शिकला. निमआरामला तीन आठवडे लागले. त्याच्याकडून त्याहून कमी अपेक्षित नव्हते.

आमच्या अंगणातली वरची वीतभर माती मी खरवडून टाकली आणि नवी आणून पसरली. किल्ल्यासाठीही वेगळी लाल माती आणली. चिमीने अजिंक्यतारा केला. उतारावर मोहरी पेरली, बुरुजांवर मावळे बसवले आणि पायथ्याशी एक खेळातली लाल एस.टी. उभी केली. शिवकालात एस.टी. नव्हती, असे मी म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "ती आजची आहे, बाबा. नाना किल्ला बघायला आलेत तिच्यातून." नाना खरेच आले, काठी टेकत, पाडव्याच्या सकाळी, कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. दुसऱ्या हातात स्वतः रंगवलेली एक पाटी होती. पिवळ्यावर काळी, बसस्थानकावरची ठसठशीत अक्षरे: 'येथे गाडी थांबत नाही.' ती त्यांनी कुंपणाच्या त्या फटीवर स्वतः तारेने बांधली.

पहिली फेरी अजून माझ्याकडेच आहे. नानांचा पाय बरा झाला, पण चढ चढवत नाही. पहाटे दोन कुत्री पुढे आणि हातात सुपली घेतलेले सर मागे, असे दृश्य पाहून आमचे विद्यार्थी प्रथम रस्ता ओलांडून पलीकडे जात. आता थांबून नमस्कार करतात. एक-दोघे तर सुपली धरायला पुढे येतात, विशेषतः परीक्षेच्या आधी.

परवा संपादकांचे यंदाचे पत्र आले. मी ते अंगणातच वाचले आणि उन्हासाठी दोन पावले मागे सरलो. पाय मातीवर पडला, निव्वळ मातीवर. फाटकाशी निमआराम पसरला होता. पाटीवरचा मजकूर त्याने स्वतःला लागू करून घेतलेला नाही, कारण तो थांबत नाही, मुक्कामच करतो. हल्ली पहाटे गारवा वाढला की तो मागचा उजवा पाय थोडा उचलून चालतो. डॉक्टर म्हणतात, हाडाला काही झालेले नाही, वयाचेही असेल. नानाही तेच म्हणतात. मी त्या पायाकडे पाहून चढावर जरा हळू चालतो, आणि तोही मग घाई करत नाही.